रत्नागिरीत कॉलेज प्रोजेक्टसाठी छोटा कर्नल लिहितोय. व्हर्च्युअलायझेशनचा कोड सोर्स ट्रीमध्ये कुठे ठेवावा?

ड्रायव्हर्सच्या फोल्डरमध्ये ठेवू नका. प्रोसेसरशी बांधलेला भाग त्या त्या आर्किटेक्चरखाली आणि सामाईक भाग वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. लिनक्स याच वाटेने गेलं, पण जरा उशिरा. २००७ मध्ये २.६.२० आवृत्तीत केव्हीएम (लिनक्सचा व्हर्च्युअल मशीन चालवणारा भाग) आलं ते 'ड्रायव्हर्स/केव्हीएम'मध्ये, आणि तेव्हा ते फक्त एक्स८६ (इंटेल-एएमडीचे प्रोसेसर) पुरतं होतं. इतर प्रोसेसर रांगेत उभे राहिल्यावर २००८ च्या २.६.२५ पर्यंत त्याची फोड झाली: इंटेलचं व्हीएमएक्स, एएमडीचं एसव्हीएम (प्रोसेसरमधल्याच व्हर्च्युअलायझेशनच्या सोयी) यांचा कोड गेला 'आर्च/एक्स८६/केव्हीएम'मध्ये, गेस्टच्या (म्हणजे आत चालणाऱ्या व्हर्च्युअल मशीनच्या) मेमरीचे स्लॉट, आयओसीटीएल (प्रोग्रामने कर्नलला सूचना देण्याचे कॉल) वगैरे 'व्हर्ट/केव्हीएम'मध्ये. तिथली 'केव्हीएम_मेन.सी' उघडून बघाच. जिथे प्रोसेसरचा संबंध येतो तिथे 'केव्हीएम_आर्च_'ने सुरू होणारा कॉल दिसेल, उदाहरणार्थ 'केव्हीएम_आर्च_व्हीसीपीयू_क्रिएट'. एआरएम६४सारख्या दुसऱ्या आर्किटेक्चरने त्याच नावाचं आपलं फंक्शन द्यायचं, बस्स. (ट्री उतरवताना गिट क्लोनला डेप्थ १ द्या, म्हणजे जुना इतिहास न येता फक्त ताजा कोड उतरतो. पावसात आपल्याकडे लाईट कधी जाईल सांगता येत नाही, आणि अर्धवट तुटलेलं क्लोन पहिल्यापासून करावं लागतं.)

मात्र हे होस्टच्या, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या कर्नलच्या, बाजूचं झालं. गेस्टच्या बाजूचा, आभासी डिव्हाइस चालवणारा कोड ड्रायव्हर्समध्येच शोभतो, कारण गेस्टच्या दृष्टीने ती साधी डिव्हाइसच असतात. म्हणून व्हर्टआयओचा (गेस्टसाठीच्या आभासी डिव्हाइसचा मानक) गाभा 'ड्रायव्हर्स/व्हर्टआयओ'मध्ये, पण त्याचं नेटवर्क कार्ड 'ड्रायव्हर्स/नेट'मध्ये आणि डिस्क 'ड्रायव्हर्स/ब्लॉक'मध्ये सापडते.