सरावपाठ फसला म्हणतेस, पण मणी ओतणारी मुलगी तुला दिसली

तुझं लिहिणं दोनदा वाचलं. बालशिक्षणाच्या पदविकेचं पहिलं वर्ष, तीन ते चार वर्षांच्या मुलांचा वर्ग, पहिलाच सरावपाठ, विषय रंगांनुसार वर्गीकरण. मणी वाटून होईपर्यंत निम्मी मुलं उठून गेली, दोघांची जुंपली, एक मुलगी पाठभर मणी एका डब्यातून दुसऱ्या डब्यात ओतत बसली. त्यात निरीक्षण वही ‘हे निरीक्षण नाही, मत आहे’ असा शेरा घेऊन परत आली. गाता येत नाही, चित्र काढता येत नाही, पियाजे आणि वायगॉट्स्की हे बालविकासाचे अभ्यासक पाठ आहेत पण वर्गात त्यांचं करायचं काय ते कळत नाही. म्हणून विचारतेस, की मी चुकीच्या कामात शिरले का.

बावीस वर्षांची आहेस म्हणून ‘तू’ म्हणतेय, राग मानू नकोस. अडीच ते सहा वर्षांच्या मुलांत एकोणीस वर्षं काढलीत, त्यातली शेवटची सात सरावाला येणाऱ्या मुलींच्या वह्या तपासण्यातही जातायत. तो शेरा मी खाल्लाही आहे आणि दिलाही आहे, तर आधी त्याबद्दलच बोलते.

‘आज तो चिडला होता, हट्ट करत होता.’ हे वाक्य दर वर्षी कुणाच्या ना कुणाच्या वहीत असतंच. पण चिडला, हट्ट केला, हे आपण ठरवलं. दिसलं काय? ‘निळा ठोकळा दुसऱ्या मुलाने उचलला. याने दोन्ही हातांनी ओढला. मिळाला नाही. खाली बसला, पाय आपटले, माझ्याकडे दोनदा पाहिलं.’ आता या शेवटच्या तीन शब्दांकडे बघ. ‘हट्टी’ असं लिहून मोकळी झाली असतीस तर ते कागदावर आलेच नसते. आणि खरं काम तिथेच आहे: त्याला मागायचं होतं, मागायला शब्द नव्हते, तो तुझी वाट बघत होता. पुढच्या वेळी तू शेजारी जाऊन बसशील आणि ‘मला दे म्हण त्याला’ एवढं सांगशील. हट्टी मुलाचं काय करायचं याला उत्तर नसतं. शब्द कमी पडणाऱ्या मुलाला शब्द देता येतो.

माझं स्वतःचं सांगते. दुसऱ्या वर्षी माझ्या वर्गात चावणारा एक मुलगा होता. मी सगळं करून पाहिलं: समजावलं, बाजूला बसवलं, पालकांना बोलावलं. त्या बैठकीत मी जे बोलले ते आठवलं की अजून लाज वाटते. मग एका ज्येष्ठ ताईंनी सांगितलं, उपाय थांबव आणि फक्त लिही. कधी, कुठे, कोण जवळ होतं, आधी काय चाललं होतं. दोन आठवड्यांत सहा नोंदी झाल्या आणि त्यातल्या पाच हात धुण्याच्या रांगेतल्या निघाल्या! वीस मुलं, दोन नळ, अरुंद जागा, पुढच्याचा धक्का मागच्याला. चावत होता तो, पण रांग लावत होते मी. दुसऱ्या दिवसापासून चार-चार मुलं पाठवली, बाकीची तोवर माझ्या सहकारी ताईंबरोबर गोष्टीला बसली. चावणं जवळपास थांबलं. मुलगा तोच, घर तेच, पालकही तेच.

हे काम शिकणं म्हणजे आधी बघायला शिकणं, असं मी म्हणते ते यासाठी. मारिया माँटेसरी मुळात डॉक्टर होत्या. ६ जानेवारी १९०७ ला रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी पहिलं बालगृह सुरू केलं, ते मुलं काय उचलतात, काय टाकून देतात, कशावर परत परत येतात हे डॉक्टरच्या नजरेने टिपत. साहित्य त्या टिपणांवर घासूनपुसून ठरत गेलं. आपल्याकडे १९४५ मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी गावात काम सुरू केलं तेव्हाही तेच. मुलं बालवाडीत येत नाहीत, तर मग असतात कुठे, हे आधी पाहिलं आणि बालवाडीच अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. परीक्षेत ही नावं सन-सनावळीसाठी येतात, पण ही माणसं वाचायची ती पाहायचं कसं हे शिकायला.

आता सरावपाठ. मुलं ताब्यात राहत नाहीत, असं लिहिलंयस. ‘ताबा’ हा शब्दच जरा बाजूला ठेवू. तुझा पाठ कुठे सांडला ते पुन्हा वाच: मणी वाटेपर्यंत. म्हणजे पाठ सुरू होण्याच्या आधीच. तीन वर्षांच्या मुलाला रिकाम्या हातांनी बसवून तू वीस डब्या वाटत होतीस. त्याने उठून जाणं हेच शहाणपणाचं. आमच्या वर्गातली बहुतेक भांडणं, रडारडी, धक्काबुक्की दोन कामांच्या मधल्या फटीत होते. खेळ संपला आणि खाऊ अजून आला नाही, गोष्ट संपली आणि बाहेर जायचंय पण चपला सापडत नाहीत. पाठ नियोजनाच्या छापील तक्त्यात उद्दिष्ट, साहित्य, कृती, मूल्यमापन असे रकाने असतात, या फटीसाठी रकाना नसतो. तो तू स्वतः आख. साहित्य मुलं यायच्या आधी टेबलावर मांडलेलं असू दे. आलं मूल की लागू दे त्याला कामाला, सगळे जमायची वाट बघायची नाही. आवरायची वेळ होण्याआधी पाच मिनिटं जवळ जाऊन सांग की आता थोडाच वेळ राहिला. मुलांना पाच मिनिटं कळत नाहीत, पण ‘अजून एक मनोरा आणि मग आवरू’ हे नीट कळतं. गोलातून उठवताना सगळ्यांना एकदम उठवू नकोस. ज्यांच्या कपड्यात लाल रंग आहे त्यांनी उठा, मग निळा. बघ, तुझं रंगांचं वर्गीकरण इथे फुकटात झालं, एक मणी न वाटता.

मण्यांवरून आठवलं. तीन वर्षांच्या आतली मुलं असतील तिथे मणी, बिया, बटणं काढूच नकोस. आणि तुझ्या वर्गातलं एखादं मूल अजून सगळं तोंडात घालत असेल तर त्यालाही तीन वर्षांखालचंच समज, जन्मतारीख काहीही म्हणो. हे माझं मत नाही, नियमच समज.

सूचना देताना क्रियापद बदलून बघ. ‘पळू नका’ ऐकल्यावर मुलाच्या कानात ‘पळू’ शिरतं आणि पळायचं नाही तर करायचं काय हे कळतच नाही. ‘चालत ये’ म्हटलं की काम मिळतं. वर्गाच्या या टोकाहून त्या टोकाला ओरडून सांगण्यापेक्षा उठून जा, गुडघ्यावर बस, डोळ्यांत बघून हळू सांग. पहिली तीन वर्षं मी ओरडत होते आणि तिसऱ्या वर्षी घसा इतका बसला की आठवडाभर खुणांनी वर्ग चालवावा लागला. तो आठवडा त्या वर्षातला सगळ्यात शांत आठवडा होता. यातून काय समजायचं ते समज.

पियाजे आणि वायगॉट्स्कीकडे येते. ते उत्तरपत्रिकेत राहिले की मरतात, मुलासमोर नेलेस की बोलायला लागतात. तुझ्याच वर्गात मण्यांची रांग करणाऱ्या दोघी शेजारी बसून एकमेकींशी अवाक्षर न बोलता खेळत असतील, तर ‘मिसळत नाहीत’ असं लिहायच्या आधी मिल्ड्रेड पार्टन ही संशोधिका आठव. १९३२ मध्ये तिने दोन ते पाच वर्षांच्या मुलांचा खेळ टिपून त्याचे सहा प्रकार मांडले. त्यातला एक हा समांतर खेळ. शेजारी असणं हेच या वयात सोबत असणं असतं. मी मात्र या प्रकारांची शिडी करत नाही. पाच वर्षांचं मूलही दमलं की एकटं खेळतं, तुम्ही-आम्ही खेळतो तसं.

एकट्याला जमत नाही पण थोड्या मदतीने जमतं, तिथे मूल शिकतं, हे वायगॉट्स्कीचं म्हणणं समजायला एक चेन पुरे. मुलाला जॅकेटची चेन लावता येत नाही. तू लावून दिलीस तर काम झालं, शिकणं नाही. ‘तुझी तू लाव’ म्हणालीस तर रडणं. खालची अडक तू बसव आणि वर त्याला ओढू दे. आठवड्याने अडक बसवताना फक्त कापड धरून ठेव. त्यानंतर हात मागे घे. वुड, ब्रूनर आणि रॉस या संशोधकांनी १९७६ मध्ये या मदतीला बांधकामातल्या परांचीची उपमा दिली. परांची बांधणं बहुतेक ताईंना छान जमतं. उतरवणं जमत नाही, कारण आपल्याला घाई असते आणि मुलांना आपली गरज लागते हे आवडतही असतं.

बोलण्यातही हीच घाई. प्रश्न विचारतो आणि उत्तराची वाट न बघता आपणच उत्तर देतो. मेरी बड रो या संशोधिकेने प्राथमिक शाळांतले विज्ञानाचे तास ऐकले तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात असं दिसलं. तीन सेकंद थांबल्यावर मुलांची उत्तरं लांबली, आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागली. आपली मुलं त्याहून लहान, त्यांना मी मनात पाचपर्यंत मोजते. सुरुवातीला ती शांतता अंगावर येते. येऊ दे. आणि ‘हा कुठला रंग?’ असे ज्याचं उत्तर तुला आधीच माहीत आहे ते प्रश्न कमी कर. ‘हे कसं केलंस?’ विचार आणि ऐक.

गाणं, चित्रकला? सोड. मुलांना सूर नाही, तू हवी असतेस. दहा-बारा बडबडगीतं हातवाऱ्यांसकट तोंडपाठ असली की पहिलं वर्ष निघतं. तुझं चित्र वाईट असेल तर उलट बरं, मुलं तुझ्या फुलाची नक्कल करत बसणार नाहीत. फळ्यावर सुबक बदक काढून वीस मुलांकडून वीस तशीच बदकं करून घेणाऱ्या ताई मी पाहिल्यात. भिंत छान दिसते, पण त्यात एकाही मुलाचं चित्र नसतं.

मात्र एक गोष्ट कुणी सांगितली नसेल म्हणून सांगते: हे काम अंगमेहनतीचं आहे. दिवसातून शंभर वेळा खाली बसायचं आणि उठायचं. उचलताना कंबरेतून वाकू नकोस, गुडघ्यात वाक. पहिल्या वर्षी सर्दी-खोकला पाठ सोडत नाही. आणि दुपारी डोकं बधिर होतं ते वेगळंच, कारण दिवसभर वीस माणसांच्या भावना सांभाळलेल्या असतात. त्या बधिर अवस्थेत ‘मला हे जमणार नाही’ असले निर्णय घेऊ नयेत. तुझा प्रश्न रात्री पावणेबाराचा आहे, त्याच दिवशी पाठ झाला होता. म्हणून सांगितलं.

मार्गदर्शक ताई फक्त शेरे मारतात, शिकवत नाहीत, अशीही तुझी तक्रार आहे. असतात अशा. पण ‘माझा पाठ कसा झाला?’ असं विचारलंस तर ‘ठीक’ किंवा ‘सुधारणा हवी’ याशिवाय काही मिळणार नाही, कुणाकडूनच. त्याऐवजी पाठाआधी सांग, ‘आज मुलं पहिल्यांदा उठायला लागतील तेव्हा मी काय करत असेन तेवढं फक्त लिहून ठेवाल का?’ एवढं नेमकं मागितलं की कंजूष माणूससुद्धा देतो. आणि त्यांच्या वर्गात मागे बसायला मिळालं तर मुलांकडे बघू नकोस, त्यांच्या पायांकडे बघ. कुठे उभ्या राहतात, कधी सरकतात, भांडण पेटायच्या आधी कुठे जाऊन बसतात. अनुभवी ताई काहीच करत नाहीत असं वाटतं, त्याचं गुपित तिथे असतं.

राहिला मुख्य प्रश्न, चुकीच्या कामात शिरलीस का. ते मला इथून कळणार नाही. पण तुझ्या त्या लांबलचक, रडवेल्या मजकुरात एक वाक्य वेगळं आहे: ‘एक मुलगी पाठभर मणी एका डब्यातून दुसऱ्या डब्यात ओतत बसली होती, आवाज ऐकत होती, आणि डबा भरत आला की थांबून आत बघत होती.’ यात मत नाही, शेरा नाही, तिला नावही ठेवलेलं नाहीस. वर्गात गोंधळ चालू असताना, स्वतःचा पाठ बुडत असताना तू हे पाहिलंस. तुझ्या मार्गदर्शक ताईंना वहीत हवं आहे ते हेच आहे, तू ते वहीत न लिहिता तक्रारीत लिहिलंस.

शिवाय ती मुलगी पाठ सोडून बसली नव्हती. किती मावतं, कधी भरतं, आवाज कसा बदलतो, हे ती तपासत होती. पाठ तिचा चालू होता, फक्त तुझा नव्हता. आता पुढच्या खेपेला तिच्यासमोर एक उंच अरुंद डबा आणि एक बसका रुंद डबा ठेव, तेच मणी दे, शिकवू काहीच नकोस. पियाजेने पाणी एका पेल्यातून दुसऱ्या वेगळ्या आकाराच्या पेल्यात ओतून मुलांना ‘आता जास्त आहे की तेवढंच?’ विचारलं होतं, ते तुला पाठ आहेच. शेजारी बस, दहा मिनिटं लिही, आणि ती काय करते ते मलाही कळव.