रोज माउथवॉश वापरला तर तोंड आणि पोट दोन्ही चांगलं राहतं का?

रोज वापरायची गरज नाही. आपण दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ गिळतो, तिच्यासोबत तोंडातले जंतूही पोटात जातात. बरेचसे जठरातल्या आम्लात मरतात, सगळे नाही. हिरड्यांच्या आजारात आढळणारा फ्युसोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम हा जंतू मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या गाठींतही सापडला आहे.

म्हणून खरं लक्ष हिरड्यांकडे द्या. रात्रीचा ब्रश चुकवू नका, कारण झोपेत लाळ कमी सुटते. मऊ ब्रश, 1000 ते 1500 पीपीएम फ्लोराइडची पेस्ट, दोन मिनिटं. फेस थुंकून टाका, पण लगेच खळखळून चूळ भरू नका. फ्लोराइड धुऊन जातं. दातांच्या फटींसाठी फ्लॉस.

क्लोरहेक्झिडिन या जंतुनाशकाचा माउथवॉश डॉक्टर सांगतील तेवढेच दिवस. जास्त दिवस वापरला तर दातांवर तपकिरी डाग पडतात, चव बिघडते. शिवाय पालक, बीट यांतल्या नायट्रेटचं नायट्राइट करणारे जिभेवरचे उपयोगी जंतूही मरतात; रक्तदाब आटोक्यात ठेवायला तेच मदत करतात.

आणि घरात आई-आजी मशेरी लावत असतील तर ती आधी सोडवा. ती भाजलेली तंबाखूच आहे, तिने हिरड्या मजबूत होत नाहीत. सवय सुटत नसेल तर 1800-11-2356 या सरकारी क्विटलाइनवर मोफत मदत मिळते.