भस्त्रिकेनंतर माझं बीपी उतरतं, यांचं चढतं

प्रश्न : आम्ही दोघंही बीपीच्या गोळ्या घेतो आणि सकाळी सोबत भस्त्रिका करतो. लगेच मोजलं तर माझं बीपी उतरलेलं असतं, यांचं चढलेलं. मशीन बिघडलंय का? मैत्रीण म्हणते, एंडॉर्फिन वाढतात, ते चांगलंच. मग मी गोळी कमी करू का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, गोळी कमी करू नका. आणि मशीनवर लगेच संशय नको. भस्त्रिकेतल्या भराभर श्वासाने काहींचं बीपी उतरतं, काहींचं चढतं.

धडधडीची तक्रार घेऊन आलेल्या रुग्णाला मी कधी कधी समोर बसवून भराभर श्वास घ्यायला लावतो. थोड्याच वेळात तो ओठांवरून जीभ फिरवू लागतो, कारण तिथे मुंग्या आलेल्या असतात. कार्बन डायऑक्साइड भसाभस बाहेर पडला की रक्तातली आम्लता घटते, मोकळं कॅल्शियम कमी होतं. मेंदूच्या रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून गरगरतं. हाताच्या मात्र सैलावतात. त्याच वेळी नाडी धावत असते. म्हणजे दाबाला एकीकडून वर ढकलणं, दुसरीकडून खाली ओढणं चालू असतं.

इथे तुमच्या मैत्रिणीचा मुद्दा येतो. एंडॉर्फिन म्हणजे शरीराने स्वतःच बनवलेलं अफूसारखं द्रव्य. शरीर अशी द्रव्यं बनवतं, हे 1975 साली स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनमध्ये ह्यूज आणि कोस्टरलिट्झ या शास्त्रज्ञांनी डुकराच्या मेंदूतून एन्केफॅलिन हे त्यातलंच एक द्रव्य वेगळं काढून दाखवलं. ही द्रव्यं फक्त वेदना शमवत नाहीत. रक्तदाब सांभाळणाऱ्या मेंदूच्या बुडाच्या भागातही ती काम करतात. नॅलोक्सोन हे औषध त्यांचा परिणाम रोखतं. ते आधी दिलं, तर भराभर श्वासाने उतरणारं बीपी उतरत नाही, असं प्रयोगांत दिसलं आहे. म्हणजे ही उतरण्याची क्रिया काही अंशी या द्रव्यांची. ज्यांच्यात हा लगाम सैल, त्यांचं बीपी चढू शकतं. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण योगवर्गात सगळ्यांना श्वासाचा एकच वेग दिला जातो.

पण तो उतार तात्पुरता; त्याला उपचार समजू नका. यांनी डॉक्टरांना विचारेपर्यंत भस्त्रिका बंद ठेवावी, संथ अनुलोम-विलोम करावा. तुम्ही झटकन उठू नका. बीपी मोजायचं ते प्राणायामाआधी, सकाळची गोळी घेण्यापूर्वी, पाठ टेकून पाच मिनिटं शांत बसल्यावर, दंड छातीच्या पातळीला ठेवून. आठवडाभराचे आकडे वहीत लिहून डॉक्टरांना दाखवा. गोळीचं ते त्यावरून ठरवतील.