खाऱ्या पाण्याची पहिली टाकी

प्रश्न : गोड्या पाण्यातले मासे मी पाच वर्षे पाळत आहे. आता खाऱ्या पाण्याची टाकी लावायची आहे. गोव्याहून समुद्राचे पाणी आणले तर चालेल का? – एक वाचक, खानापूर

उत्तर : आणू नये. नदीमुखाजवळच्या पाण्याची क्षारता पावसाळ्यात फार घटते आणि त्यात सांडपाणीही असू शकते. त्यापेक्षा आरओच्या पाण्यात मत्स्यालयासाठीचे समुद्री मीठ, स्वयंपाकाचे नव्हे, लिटरला साधारण ३५ ग्रॅम विरघळवून हायड्रोमीटरवर (पाण्याची सापेक्ष घनता मोजणाऱ्या उपकरणावर) १.०२५ च्या आसपास नोंद मिळवावी. टाकी किमान १०० लिटरची असावी.

खरी कसोटी पुढे आहे. माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या खाद्यातून तयार होणाऱ्या विषारी अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि त्याचे नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू टाकीतल्या खडकांवर वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे नसलेल्या टाकीत चिमूटभर मत्स्यखाद्य टाकत राहावे आणि चाचणीत अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य येईपर्यंत एकही मासा सोडू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे, कारण या उतावळेपणात नाहक जीव जातात. आपल्याकडच्या थंडीत हीटर लावून पाणी २५–२६ अंशांवर ठेवावे. बाष्पीभवनाने पातळी घटली, तर मीठ न घालता केवळ आरओचे पाणी भरावे, कारण मीठ टाकीतच उरलेले असते. पहिला मासा समुद्रातून पकडलेला नव्हे, तर मत्स्यपैदाशीत वाढवलेला क्लाउनफिश घ्यावा.