टँकरासुर : ‘विनोदी खलनायक’ की आणखी काही?

लातूरहून एका तरुणाने विचारलं आहे : ‘आम्ही पाच मित्र दर रविवारी सुपरहिरोंचा रोल-प्लेइंग गेम खेळतो, म्हणजे एकेक पात्र घेऊन, फासे टाकत गोष्ट पुढे नेतो, तेही मराठीतून. माझ्या एका खलनायकाचं नाव टँकरासुर. शहरातले पाण्याचे टँकर पळवतो, पण मागचा व्हॉल्व्ह बंद करायचा विसरतो, त्यामुळे अड्ड्यावर पोचेस्तोवर टँकर रिकामा. अशा पात्राला काय म्हणावं? ‘विनोदी खलनायक’ काही जिभेवर बसत नाही.’

आधी नावाला दाद. 2016 मध्ये ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथेच हा असुर जन्माला यावा. शेवटी ‘असुर’ जोडून नाव पाडायची खोड आपल्याला जुनीच आहे. आणि स्वतःच्याच डोक्यावर हात ठेवून भस्म झालेला भस्मासुर हा तुमच्या टँकरासुराचा सख्खा आजोबा म्हणायला हरकत नाही.

आता शब्दाकडे. तुमची जीभ अडते ती बरोबर जागी अडते. ‘विनोदी माणूस’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे विनोद करणारा, चार माणसांना हसवणारा माणूस येतो. म्हणजे विनोद त्याला ठाऊक असतो. टँकरासुराला तो ठाऊकच नाही.

दिवाळीत परभणीला बहिणीकडे होतो. भाचा आणि त्याची दोस्तमंडळी सतरंजीवर फासे घेऊन असाच डाव मांडून बसली होती, चिवड्याचं ताट मधोमध. खेळ चालवणारा पोरगा खलनायकाचं भाषण ठोकत होता, ‘मी साऱ्या पृथ्वीचा...’ वगैरे, आणि बाकीचे पोट धरून हसत होते. मी म्हटलं, फार विनोदी आहे रे हा. भाचा म्हणाला, ‘नाही मामा, त्यो जोक करायलाच नाही. लई सीरियस बोलायलाय, म्हणून तर हसू यायलंय.’ एवढं नेमकं मला सांगता आलं नसतं.

या जातीचा नामांकित नमुना म्हणजे 1981 साली आलेल्या ‘चॅम्पियन्स’ या सुपरहिरो खेळातला फॉक्सबॅट. पिंगपाँगचे चेंडू उडवणारी बंदूक घेऊन फिरतो, आणि आपण कॉमिकच्या गोष्टीत जगतो आहोत अशी त्याची समजूत. या खेळात पात्र घडवताना उणिवा घेतल्या की त्याबदली शक्तींसाठी जादा गुण मिळतात. तेव्हा त्याच्या वेडेपणालाही हिशेबात जागा आहे.

आपल्याकडे याहून कितीतरी जुना नमुना आहे : ‘मृच्छकटिक’ नाटकातला शकार. राजाचा मेहुणा. ‘स’च्या जागी ‘श’ म्हणतो, म्हणून शकार. पुराणातले दाखले देतो ते सगळे उलटेपालटे. नाटकाच्या नायिकेला, वसंतसेनेला म्हणतो, रावणाच्या तावडीत कुंती सापडावी तशी तू मला सापडलीस! प्रेक्षक हसतात, आणि पुढे हाच माणूस तिचा गळा दाबतो. ती वाचते, हा भाग वेगळा. हसू येतं म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाही. टँकरासुर लिहिताना हे ध्यानात ठेवा. रस्त्यावर पाणी सांडलं तरी इकडे गल्लीतल्या घागरी रिकाम्याच राहतात.

तुम्हाला कुणी ‘विदूषक’ किंवा ‘सोंगाड्या’ सुचवेल. घेऊ नका. विदूषक नायकाचा मित्र असतो, आणि सोंगाड्या इतरांची फिरकी घेतो. दोघेही शहाणे.

मग ‘इब्लीस’? हा माझा लाडका शब्द. अरबीत इब्लीस म्हणजे आदमपुढे झुकायला नकार देणारा तो सैतान. आपल्याकडे येऊन तो पार पोराटोरांत मिसळला : ‘लई इब्लीस पोरगं हाय.’ गंमत अशी की हिंदीत ‘शैतान’ शब्द खोडकर मुलावर आला, आणि मराठीत ‘सैतान’ भयंकरच राहिला, माणसाळला तो इब्लीस. मराठवाड्यात 1948 पर्यंत निजामाची राजवट, कचेरीत उर्दू, म्हणून हा शब्द आमचाच असं म्हणायचा मोह मला होतो. पण तो पुण्यातही ऐकला आहे, तेव्हा तो दावा सोडून देतो. तुमच्या कामाला मात्र हा शब्द अर्धाच येईल. इब्लीस माणूस डोकेबाज असतो, खोड्या ठरवून काढतो. हिरोच्या गाडीची हवा सोडून वर पंपही विकणारा खलनायक असेल, तर तो इब्लीस. व्हॉल्व्ह विसरणारा नव्हे.

टँकरासुरासाठी माझं मत ‘भंपक खलनायक’ला. भंपक म्हणजे आव मोठा, आत पोकळ, आणि पोकळ असल्याचा पत्ता त्याला स्वतःला नाही. शकार भंपक, फॉक्सबॅट भंपक. ‘हास्यास्पद’ही अर्थाने जवळचा, पण त्याला अग्रलेखाचा वास येतो. खेळता खेळता कुणी तो उच्चारणार नाही. ‘आला रे भंपक!’ हे मात्र सतरंजीवर सहज ओरडता येतं.

व्याकरणाचाही त्रास नाही. भंपक आणि इब्लीस दोन्ही शब्द लिंगवचनाने बदलत नाहीत. उद्या टँकरासुराची बहीण डावात आणलीत, तर ती ‘भंपक खलनायिका’, आणि दोघांची मिळून टोळी झाली तरी ते ‘भंपक’च.