प्रश्न वाचकांचे : पाळणा थांबवायचा, तो कुणी?

प्रश्न : मी तासगाव तालुक्यातील एका द्राक्षबागायतदाराच्या घरातील सून आहे. वय २७. मला साडेपाच आणि दीड वर्षाच्या दोन मुली आहेत. दुसऱ्या बाळंतपणात रक्तस्राव फार झाला, रक्ताच्या दोन पिशव्या द्याव्या लागल्या. मला आता मूल नको आहे, पण सासूबाईंना एक तरी नातू हवा आहे. ऑपरेशनचा विषय काढला की हे म्हणतात, "आईची परवानगी काढ आणि तू करून घे." स्वतः नसबंदी करायला ते तयार नाहीत, कारण त्यामुळे अंगातली ताकद जाते आणि मग बागेतली कामे होत नाहीत, असे त्यांना वाटते. तांबी बसवली तर ती काळजापर्यंत चढते, असे जाऊबाई सांगतात. मी काय करावे? (नाव छापू नये.)

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात मला सर्वांत महत्त्वाचे वाटले ते रक्ताच्या पिशव्यांचे वाक्य, आणि घरातल्या चर्चेत नेमके तेच कुणी उच्चारत नाही असे दिसते. एका बाळंतपणात असा रक्तस्राव झालेल्या बाईला पुढच्या बाळंतपणात तो पुन्हा होण्याचा धोका अधिक असतो. गरोदरपण आणि बाळंतपण यांतील गुंतागुंतीमुळे २०२३ मध्ये जगात दररोज सातशेहून अधिक स्त्रिया दगावल्या आणि अशा मृत्यूंच्या कारणांत रक्तस्राव पहिल्या क्रमांकावर आहे. म्हणून 'मला आता मूल नको' हा तुमचा हट्ट नसून जिवाचा प्रश्न आहे, हे सासूबाईंना आणि यजमानांना समोर बसवून डॉक्टरांकडून ऐकवावे. त्याआधी हिमोग्लोबिन तपासून घ्या.

परवानगीबद्दल स्पष्ट लिहिते. स्त्री-नसबंदीसाठी सरकारी नियमांनुसार सासूची तर नाहीच, पतीचीही संमती लागत नाही. तुमची स्वतःची सही पुरते. दिवस गेलेच तर गर्भपाताबाबतही १९७१ च्या कायद्यानुसार अठरा वर्षे पूर्ण झालेल्या स्त्रीची एकटीची संमती पुरेशी आहे, आणि तिचे नाव उघड न करण्याचे बंधन २०२१ च्या दुरुस्तीने डॉक्टरांवर घातले आहे. कुणी पतीची सही आणायला सांगितले तर नियम विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे.

आता तांबी. माझ्या टेबलाच्या खणात पाकिटातून काढलेली एक तांबी कायम असते. शंका घेऊन आलेल्या बाईच्या तळहातावर मी ती ठेवते. इंग्रजी 'टी' अक्षराच्या आकाराची, करंगळीच्या पेराहून थोडी मोठी पांढरी दांडी, तिला गुंडाळलेली तांब्याची बारीक तार आणि खाली लोंबणारे दोन दोरे, एवढीच ती वस्तू. बहुतेक जणी पहिल्यांदा तिला बोटाने हळूच वाकवून पाहतात आणि मग म्हणतात, "एवढीशीच?" गर्भाशयातून काळजाकडे जाणारी वाट शरीरात नाही. क्वचित तांबी जागची सरकते किंवा बाहेर पडते. म्हणून ठरलेल्या तपासणीला जायचे आणि पाळीनंतर दोरा बोटाला लागतो का ते पाहायचे. पहिले काही महिने पाळीत रक्त जास्त जाऊ शकते, आणि हिमोग्लोबिन आधी तपासा असे मी म्हटले ते यासाठीही. ३८० ए प्रकारची तांबी दहा वर्षे चालते आणि नको वाटेल तेव्हा काढता येते. ती सोसत नसेल तर दर तीन महिन्यांनी घ्यायचे 'अंतरा' इंजेक्शन आहे (त्याने पाळी अनियमित होते किंवा थांबते, घाबरू नये), आणि 'छाया' गोळी आहे. छाया पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि पुढे आठवड्यातून एकदा घ्यायची असते. ती लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झाली आणि तिच्यात संप्रेरके नाहीत. माझ्याकडे येणारी एक ताई पहिले तीन महिने सोमवार-गुरुवार गोळी घ्यायची, कारण तिच्या गावचा आठवडी बाजार सोमवारी भरतो आणि गुरुवारी तिचा उपवास असतो. तिची एकही गोळी चुकली नाही. ही साधने सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत मिळतात. आशाताईंना विचारा.

यजमानांच्या शंकेचे उत्तर मी त्यांनाच उद्देशून देते. दादा, नसबंदीत फक्त शुक्राणू वाहून नेणारी नळी बंद होते. पुरुषाची ताकद, दाढी-मिशा आणि शरीरसुख ज्या संप्रेरकावर अवलंबून असते ते पूर्वीप्रमाणेच तयार होत राहते. बिनटाक्याच्या पद्धतीत जागा बधिर करून पंधरा-वीस मिनिटांत काम होते. दोन दिवस विश्रांती घ्यावी आणि औषधाच्या पंपासारखे ओझे आठवडाभर उचलू नये. फक्त पुढचे तीन महिने निरोध वापरून नंतर वीर्यतपासणी करून घ्यावी लागते, कारण परिणाम लगेच होत नाही. बायकांचे ऑपरेशन पोटातले असते, त्यामुळे त्यात जोखीम अधिक. तरीही २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्त्री-नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के आणि पुरुषांचे ०.३ टक्के निघाले, म्हणजे सुमारे सव्वाशे बायकांमागे एक पुरुष. भूतान आणि कॅनडा या देशांत हे चित्र उलटे आहे, आणि तेथील शेतकऱ्यांनी काही शेती सोडलेली नाही.

नातवाच्या इच्छेबद्दल एवढेच, की मूल मुलगा होणार की मुलगी हे पित्याच्या शुक्राणूवर ठरते. 'तपासून घेऊ' असे कुणी सुचवले तर १९९४ च्या कायद्याने तो गुन्हा आहे. २०१७ मध्ये तुमच्याच सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळ येथे पुरलेली १९ अर्भके सापडली. गर्भपात करून घेताना एका तरुण मातेचा जीव गेला आणि त्या तपासातून हे उघड झाले.

प्रश्न : महाराष्ट्राचा जननदर (एका स्त्रीला सरासरी होणारी मुले) २०१९–२१ च्या सर्वेक्षणात १.७ वर आला होता. अनेक देश तर माणसे कमी पडतात म्हणून चिंतेत आहेत. अशा वेळी ११ जुलैला लोकसंख्या दिन पाळून जगभर कुटुंब नियोजनाचा प्रचार करण्याची गरज उरली आहे का? आणि माझ्यासारख्याने त्यात काय करावे? (एक निवृत्त शिक्षक, वाई तालुका)

उत्तर : गुरुजी, आकडा बरोबर आहे, मात्र कुटुंब नियोजन हे लोकसंख्येचा आकडा गाठण्यासाठी असते, या समजुतीशी मी सहमत नाही. १९५२ मध्ये भारताने जगातला पहिला राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला तो बराचसा त्याच समजुतीतून, आणि तिचे टोक आणीबाणीत दिसले. १९७६–७७ या एका वर्षात ऐंशी लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतल्या बहुसंख्य पुरुषांच्या, आणि अनेक ठिकाणी सक्तीने. पुरुषांनी त्या सक्तीचा जो धसका घेतला, त्याचे ओझे पुढच्या दोन पिढ्यांतील बायकांनी वाहिले. वरच्या पत्रातील ताई आजही वाहत आहेत.

उलट बाजूची सक्तीही तितकीच घातक असते. रुमानियाने लोकसंख्या वाढावी म्हणून १९६६ मध्ये गर्भपातावर जवळजवळ पूर्ण बंदी घातली आणि गर्भनिरोधके दुर्मीळ केली. काही वर्षे जन्म वाढले, मग लोकांनी चोरवाटा शोधल्या आणि असुरक्षित गर्भपातांत हजारो स्त्रियांचे प्राण गेले. १९८९ च्या डिसेंबरात तो हुकूम रद्द होताच तेथील मातामृत्यू झपाट्याने उतरले. किती मुले व्हावीत आणि किती अंतराने व्हावीत हे ठरवणे हा पालकांचा मूलभूत हक्क आहे, असे १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तेहरान येथील मानवी हक्क परिषदेने म्हटले. १९९४ मध्ये कैरोच्या लोकसंख्या परिषदेत १७९ देशांनी लोकसंख्येच्या लक्ष्यांऐवजी स्त्रीचे आरोग्य आणि तिचा निर्णय मध्यभागी ठेवला. तरीही संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या २०२२ च्या अहवालानुसार, मूल नको असूनही सुरक्षित आधुनिक साधन न वापरणाऱ्या स्त्रिया जगात २५ कोटींहून अधिक आहेत. जननदर १.७ असलेल्या राज्यातल्या बाईलासुद्धा सासूची परवानगी काढावी लागत असेल, तर या कामाची गरज संपली असे मला म्हणवत नाही.

आपल्या सातारा जिल्ह्याने यात दोन गोष्टी केल्या, त्या मला मनापासून आवडतात. २००७ मध्ये जिल्हा परिषदेने 'दुसरा मधुचंद्र' योजना काढली. लग्नानंतर दोन वर्षे मूल लांबवणाऱ्या जोडप्याला पाच हजार आणि तीन वर्षे लांबवणाऱ्यांना साडेसात हजार रुपये. आणि २०११ मध्ये 'नकुशी' नाव मिळालेल्या २८५ मुलींना जाहीर समारंभात नवी नावे देण्यात आली.

तुम्ही काय करावे, असे विचारलेत. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि पुढे त्यापायी त्यांना प्राध्यापकाची नोकरी सोडावी लागली. तुमची नोकरी सुखरूप पूर्ण झाली आहे आणि गावातले आजचे तिशीतले बाप तुमच्या वर्गात बसलेले आहेत. उपकेंद्रात जाऊन सिस्टरना विचारा, की गेल्या पाच वर्षांत गावातून किती पुरुषांची नसबंदी झाली. मग त्या माजी विद्यार्थ्यांना पारावर एकत्र बसवा आणि वरचे पत्र मोठ्याने वाचून दाखवा. शंकांना उत्तरे द्यायला वैद्यकीय अधिकाऱ्यांना सोबत बोलवा. ते शक्य नसेल तर या मासिकाच्या पत्त्यावर दिवस कळवा, मी येईन.