पहिला डीएसएलआर घेतोय, सोबत १८-५५ एमएमची किट लेन्स आहे. सारंगखेड्याची यात्रा (घोडेबाजार) आणि घरची लग्नं टिपायची आहेत. आणखी कोणती लेन्स, काय सामान घेऊ?

सध्या ५० एमएम एफ/१.८ लेन्स (एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते) एवढीच घ्या, मोठी झूम नंतर बघू. मी धुळ्याकडे लग्नांचे फोटो काढतो. हळद असो की रात्रीची वरात, उजेड कमीच, आणि १८-५५ पूर्ण झूमवर एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही. एफ/१.८ ला त्याच्या नऊ-दहापट उजेड मिळतो. क्रॉप सेन्सरवर (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सर) ही लेन्स ७५-८० एमएमसारखी दिसते, म्हणजे चेहरे झकास, पण अख्खा मांडव मावत नाही. तिथे किट लेन्सच लावा. धावते घोडे दुरून हवे असतील तरच ५५-२५० किंवा ७०-३००, तीही सेकंड हँड चालेल.

सामान थोडकं:
- जादा बॅटरी, दोन कार्डं
- हूड, म्हणजे लेन्सपुढचा आडोसा (यूव्ही फिल्टरची काच दुकानदार गळ्यात मारतोच, नको म्हणा)
- हवेचा ब्लोअर. घोडेबाजारात धूळ फार, तिथे लेन्स बदलूच नका

मात्र बॉडी, म्हणजे कॅमेरा, निकॉन डी३५०० किंवा डी५६०० असेल तर लेन्सवर ‘एएफ-एस’ (मोटर लेन्समध्येच) लिहिलेलं बघून घ्या. या बॉडीत फोकसची मोटर नसते, त्यामुळे स्वस्तातली, मोटर नसलेली ‘एएफ-डी’ लेन्स हाताने फोकस करावी लागेल.